कृष्णातनं निवडलेली सुई

कोल्हापुरात माणसं डूख धरतात ती तालमीवरनं, निवडणुकीवरनं, नाहीतर शेताच्या बांधावरनं. सिद्धार्थनगरच्या कृष्णातनं छत्तीस वर्षं डूख धरला तो एका सात इंची रेकॉर्डीवरनं. ऐकणारा आधी हसायचाच. मग कृष्णात त्याला विचारायचा, तुझ्या आईचा आवाज कुणी पुसून टाकला तर तू काय करशील? एवढं विचारून तो पुन्हा आपल्या सोल्डरिंगकडं वळायचा.

आई म्हणजे त्याची थोरली बहीण तानूबाई. खरी आई कृष्णात दोन वर्षांचा असताना गेली, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या तानूबाईनं त्याला काखोटीला मारून वाढवला. तो तिला आक्का म्हणायचा. आक्का मार्केट यार्डात धान्य निवडायला जायची, आणि जयंतीला स्टेजवर गायची. आवाज असा की माईक बंद पडला तरी मागच्या रांगेतला माणूस उठत नसे. एकोणऐंशी साली पुण्याची एक बारकी कंपनी आली, एका दुपारी तिची दोन गाणी भरून घेतली, तीनशे रेकॉर्डी काढल्या आणि वर्षाच्या आत बुडाली. आक्काला मिळालं एक लुगडं आणि एक रेकॉर्ड. एका बाजूला जयंतीचं गाणं होतं, दुसऱ्या बाजूला भावावरच्या ओव्या.

वाटंवर उभी ऱ्हाते, भाऊ येईल म्हनूनी
दिवा इजला वाऱ्यानं, डोळं ठिवलं लावूनी

त्या ओव्यांतला भाऊ कोण हे कृष्णातला कुणी सांगायला नको होतं. तो तेव्हा स्पीकरवाला होता. दोन भोंगे, एक अ‍ॅम्प्लिफायर, एक रेकॉर्डप्लेअर आणि सायकल एवढ्यावर त्यानं अर्ध्या करवीर तालुक्याची लग्नं लावली. आक्काची रेकॉर्ड तो लग्नात कधी वाजवायचा नाही. दुपारी मांडव मोकळा झाला, माणसं पंगतीला बसली की स्वतःपुरती हळू आवाजात एकदा लावायचा आणि पुसून पाकिटात घालायचा. टेपवर उतरवून ठेवू, टेपवर उतरवून ठेवू म्हणता म्हणता ते राहिलं ते राहिलंच.

अठ्ठ्याऐंशी साली उदयसिंहाच्या बहिणीचं लग्न निघालं. बडं घर, डेअरीवर वट, पन्हाळ्याला बंगला. स्पीकर कृष्णातचा. दुपारी त्यानं आक्काची रेकॉर्ड लावली आणि उदयसिंह हात धुता धुता थांबला. बाई कोण रं गातीय म्हणून विचारलं, पुरती ऐकली, आणि दोन दिवसांसाठी दे म्हणाला. नाही म्हणायची सोय होती का? त्या घराला त्या काळात सिद्धार्थनगरातलं कोण नाही म्हणत होतं? कृष्णातनं दिली.

दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. मग एका गड्याच्या हातनं रेकॉर्ड आली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. त्या वेळी आक्का दम्यानं सरकारी दवाखान्यात होती, म्हणून कृष्णातनं ती तशीच फळीवर ठेवली. आक्का घरी आलीच नाही. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी अख्खी गल्ली मांडवात बसली असताना त्यानं रेकॉर्ड लावली. आतनं आलं काय, तर नुसती खरखर. तिच्या मागं कुठंतरी खोल विहिरीत बसून बोलल्यासारखा आक्काचा आवाज, शब्द एक कळेना. बायका रडायच्या थांबल्या आणि एकमेकींकडं बघायला लागल्या. कृष्णातनं सुई उचलली.

पुढं पन्हाळ्याच्या बंगल्यावरच्या माळ्यानं त्याला सगळं सांगितलं. उदयसिंहानं चार दोस्त गोळा केले होते. जुना प्लेअर, झिजलेली सुई, पोरं पिऊन नाचायला लागली की सुई उडायची. म्हणून त्यानं सुई धरणाऱ्या आर्मच्या डोक्यावर रुपाया ठेवला आणि ती एकच रेकॉर्ड दोन दिवस उलटीपालटी वाजवली. रुपयाच्या वजनाखाली सुईनं रेकॉर्डीतली आवाजाची खाच खरवडून काढली. कृष्णात जाब विचारायला गेला तर सोप्यात दहा माणसं बसलेली. त्यांच्यासमोर उदयसिंह म्हणाला, रेकॉर्ड वाजवायलाच असती, दुसरी आण बाजारातनं. दहाही माणसं हसली.

ते हसू कृष्णातनं छत्तीस वर्षं जपलं. बायको म्हणायची, सोडा आता, त्यो विसरून बी गेला आसंल. त्यावर हा म्हणायचा, म्हणून तर मला ध्यानात ठेवावं लागतंय. ताराबाई पार्कातला उदयसिंहाच्या बंगल्यावरनं जाणारा रस्ता टाळायला तो एक कोस वळसा घालायचा. उदयसिंहाची बायको वारली तेव्हा गावातली निम्मी माणसं गेली. कृष्णात गेला नाही, आणि गेलो नाही हे चार जणांना सांगून आला.

मधल्या काळात कॅसेट आली, सीडी आली, डीजे आला. भोंगे भंगारात गेले. कृष्णातनं लक्ष्मीपुरीत एका बोळात रेडिओ दुरुस्तीचं खोपटं टाकलं आणि तग धरला. आणि काय नवल, म्हातारपणी रेकॉर्डींचे दिवस फिरून आले. जीनवाली पोरं टर्नटेबल घेऊन त्याच्याकडं यायला लागली. काका, कुठलं कार्ट्रिज घेऊ? सुई बसते त्या ठोकळ्याला कृष्णात पिकअपच म्हणायचा. घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावायचा, सुईचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचा आणि चांगली-वाईट तिथंच सांगायचा. सांगलीहून, पुण्याहून फोन यायचे. पिकअपमधलं कळणारा माणूस आख्ख्या जिल्ह्यात तोच, असं बोललं जायचं, आणि ते खोटं नव्हतं.

यंदाच्या उन्हाळ्यात बोळाच्या तोंडाशी एक मोठी गाडी थांबली. उतरली ती उदयसिंहाची सून वर्षाराणी. आबांनी टर्नटेबल घेतलंय म्हणाली, त्याला कार्ट्रिज निवडायचंय, आणि आबा म्हणतात कृष्णातलाच बोलव, दुसरा कुणी नको. पोरगी चांगली होती, तिला मागचं काही ठाऊक नव्हतं. कृष्णातनं दोन मिनिटं भिंगच पुसलं. मग म्हणाला, येतो. बायकोला संध्याकाळी हे कळलं तेव्हा तिच्या हातातली भाकरी तव्यावर करपली.

ताराबाई पार्कातल्या बंगल्यात शिरताना त्यानं पायताणं मुद्दाम दारातच जोरात काढली. उदयसिंह खुर्चीत बसला होता. दंड गळाले होते, उजवा हात गुडघ्यावर हलत होता. सगळे त्याला आबासाहेब म्हणायचे. कृष्णात नुसतं तुम्ही म्हणाला. चहा आला तर साखर हाय म्हणून कप बाजूला सारला. साखर त्याला कसली असायचीय? रोज संध्याकाळी पावशेर जिलबी पचवणारा माणूस.

वर्षाराणीनं फोनवर दोन पिकअप काढून ठेवली होती. एक फार भारी, सुई आतच पक्की बसवलेली, झिजली की अख्खं पिकअप बदलायचं. दुसरं साधं, जुन्या पद्धतीचं, त्याची सुई नखानं ओढली की बाहेर येते आणि दुसरी घातली की बसते. आवाजाला पहिलं सरस, यात वाद नाही. कृष्णात ते सांगायला तोंड उघडणार इतक्यात उदयसिंह बोलला.

"खर्चाचं बघू नको, कृष्णा. जुन्या रेकॉर्डीला जपणारं पाहिजे. खाच न दुखवणारं."

कृष्णातच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. रुपाया ठेवून माझ्या आक्काचा गळा चिरणारा माणूस मला खाच जपायला सांगतोय! आणि त्याच क्षणी त्याला घरातली डबी आठवली. त्या जुन्या पद्धतीच्या पिकअपच्या सुया चाळीस वर्षांत बदललेल्या नव्हत्या. लग्नाच्या धंद्यातली त्याची एक सुई डबीत पडून होती, दहा वर्षं घासून टोकाला पटाशीसारखी धार आलेली. पहिले आठ दिवस ती बरी वाजते, कुणाला संशय येत नाही. पण प्रत्येक फेऱ्याला खाचेचं कातडं सोलते. त्यानं भिंतीकडच्या कपाटात बघितलं. शंभरभर रेकॉर्डी ओळीनं उभ्या होत्या, उदयसिंहाच्या मेलेल्या बायकोनं जमवलेल्या.

तो म्हणाला, भारी घेऊ नका. त्याची सुई नाजूक, तुमचा हात हलतो, एक धक्का बसला की गेली. हे दुसरं घ्या, खात्रीचं. सगळं खरंच बोलला, एक शब्द खोटा नाही. केसानं गळा कापायचा तो असा. उदयसिंहानं मान हलवली आणि तुला कळतंय ते कर म्हणाला.

आठ दिवसांत पार्सल आलं. कृष्णात गेला, पिकअप बसवलं, काटा लावून सुईवरचं वजन बघितलं. वर्षाराणी पाणी आणायला आत गेली आणि उदयसिंह चष्मा शोधत होता, तेवढ्यात त्यानं नवी सुई ओढून सदऱ्याच्या खिशात टाकली आणि डबीतली बसवली. प्लॅस्टिकचा रंग जुळत होता. वजन पाव ग्रॅमनं वाढवलं. अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रेबल, बारीक आवाज, थोडा उतरवला, म्हणजे खरखर दबून राहील. कपाटातली एक बासरीची रेकॉर्ड लावून दाखवली. कसं वाटतंय म्हणून उदयसिंहानं विचारलं, तर एक नंबर म्हणाला.

पुढचे बारा दिवस कृष्णात पाटलाच्या बैलासारखा डुलत हिंडला. सकाळी मिसळीवर दुसरी तर्री मागायचा. खोपट्यात शीळ घालायचा. बसल्या बसल्या हिशेब करायचा, आज बासरी गेली असेल, आज तिच्या आवडीची ती भजनं गेली असतील, आता बाईची आठवण आली की खरखरच ऐक म्हणावं. दुसरी आण बाजारातनं. रात्री त्याला गाढ झोप लागायची. असा आनंद लेकीच्या लग्नातही झाला नव्हता, हे त्यानं स्वतःशी कबूल केलं आणि त्याची लाजही वाटून घेतली नाही.

तेराव्या दिवशी उदयसिंहानं स्वतः फोन केला. रविवारी दहाला ये, काहीतरी ऐकवायचं हाय. कृष्णातला वाटलं, आला रडत. तो इस्त्रीचा सदरा घालून गेला. आपल्या डोळ्यांनी ते तोंड बघायचं होतं त्याला, नुसतं ऐकून भागणार नव्हतं.

उदयसिंहानं वर्षाराणीला आत जायला सांगितलं. मग हलत्या हातानं टेबलावरची एक रेकॉर्ड पुढं केली. सात इंची, निळं लेबल, त्यावर छापलेलं, तानूबाई आणि पार्टी. कृष्णातनं ते नाव वाचलं आणि पुन्हा वाचलं. उदयसिंह सांगत होता. बायको गेल्यावर घरात बसून बसून माणसाला काय काय आठवतं. त्या दिवशी सोप्यात बोललो ते आठवलं. दोन वर्षं माणसं लावली, सांगली झाली, मिरज झाली, शेवटी इचलकरंजीच्या एका भंगारवाल्याकडं एका यंत्रमागवाल्याच्या ट्रंकेत ही सापडली. कोरी करकरीत, कुणी दहादा सुद्धा वाजवली नसेल.

"तुझ्या हातात द्यायची म्हणून आणली. टर्नटेबल बी हिच्यासाठीच घेतलं. नीट हाय का बघावं म्हणून तू पिकअप बसवल्यापासनं रोज ऐकतोय. चार डाव, पाच डाव. दुसरं काय लावलंच न्हाय मी."

रोज पाच डाव, बारा दिवस. कृष्णातच्या डोक्यानं तो गुणाकार आपोआप केला. तो खुर्चीवर बसला. थांबा म्हणायच्या आत उदयसिंहानं सुई ठेवली.

आक्का गायला लागली. छत्तीस वर्षांनी. वाटंवर उभी ऱ्हाते, आणि पहिल्या ओळीला कृष्णातच्या अंगावर सरसरून काटा आला, कारण ती तीच होती, श्वास घेऊन जरा थांबायची ती तिची खोड सुद्धा तिथं होती. मग आवाज चढला आणि चढल्याबरोबर कडेला फाटला. प्रत्येक उंच सुराला पत्रा खरवडल्यासारखी एक रेघ निघत होती. उदयसिंहाला ती आज पहिल्यांदाच ऐकू आली असावी, त्याच्या कपाळाला आठी पडली. कृष्णातला मात्र त्या रेघेतला फेरा न् फेरा ओळखू येत होता. तो उठला आणि त्यानं स्वतःच्या हातानं आर्म उचलला.

उदयसिंहाचं तोंड पांढरं पडलं होतं. कालपर्यंत बरी होती म्हणाला. मग म्हातारा चक्क हात जोडायला लागला. ह्या खेपेला रुपाया ठेवला न्हाय रे, कुणाला हात सुद्धा लावू दिला न्हाय, माझ्याच हाताला काय रोग हाय कळंना, असं काहीबाही बोलत राहिला.

हेच तोंड बघायला कृष्णात आला होता. छत्तीस वर्षं ह्याच तोंडावर त्याची झोप अडली होती. आता ते समोर होतं, हात जोडलेले, डोळ्यांत पाणी, आणि बोलायचं कारण काहीच नव्हतं. गप बसला असता तर उदयसिंह मरेपर्यंत स्वतःलाच दोष देत बसला असता. एवढा पुरा सूड कुणाच्या नशिबात येतो? पण टेबलावर आक्का पडली होती, आणि तिला दुसऱ्यांदा खरवडणारा समोरचा नव्हता.

"तुमचा हात न्हाय. सुई मी बदलली. नवी माझ्या घरात हाय."

उदयसिंहानं जोडलेले हात सोडले. तोंडावरचं पाणी न पुसता त्यानं प्लेअरचं बटण बंद केलं. त्यानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"रुपाया ठिवायचा मी कुणाला बघून शिकलो?" तो म्हणाला. "माझ्या बहिणीच्या लग्नात, वरातीच्या ट्रॉलीवर. तूच ठिवत हुतास की."

ते खरं होतं. सगळे स्पीकरवाले ठेवायचे, ट्रॉली हलली की सुई उडू नये म्हणून. आक्काच्या रेकॉर्डीवर कृष्णातनं कधी ठेवला नव्हता, पण ते बघणाऱ्याला कसं कळणार?

"मी न कळता केलं," उदयसिंह म्हणाला. "वर माज केला, ते बी खरं. तू कळून केलंस. जा, सुई घिऊन ये."

कृष्णात रिक्षानं घरी गेला आणि रिक्षा थांबवून ठेवून परत आला. बंगल्यात कुणी बस म्हणालं नाही. त्यानं उभ्या उभ्या जुनी सुई काढली, नवी बसवली. वजन काट्यावर तीनदा बघितलं, अगदी नेमकं केलं. अ‍ॅम्प्लिफायरचा बारीक आवाज पुन्हा जागेवर आणला. मऊ कापडानं रेकॉर्ड पुसली, कडेनं धरून, आक्का आजारी असताना तिचं तोंड पुसायचा तसं. नव्या सुईचं टोक बारीक, ते खाचेत खालच्या अंगानं चालतं, जुनी सुई पोचली नाही तिथनं. तिथं आवाज अजून जिवंत असेल, नसेलही. लावल्याशिवाय कळणार नव्हतं. त्यानं आर्मला हात घातला.

"ऱ्हाऊ दे," उदयसिंह म्हणाला. "मी लावतो. तू जा."

रेकॉर्डीचं कृष्णातनं कसंबसं विचारलं.

"तुझीच हुती तासाभरापूर्वी. आता माझी हाय."

त्या बोलण्यातला राग कृष्णातला चांगला ओळखू आला, छत्तीस वर्षं त्यानं तोच पाळला होता. त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो, हेही त्याला ठाऊक होतं. त्यानं पायताणं घातली आणि फाटकाबाहेर आला. मागनं हॉलची काचेची खिडकी सरकल्याचा आवाज आला, मग कडी.

तो रस्त्यावर थांबला. ओव्यांची बाजू तीन मिनिटं दहा सेकंदांची. काचेपलीकडं उदयसिंहाची पाठ वाकलेली दिसत होती, मग ती सरळ झाली. म्हणजे सुई टेकली. कृष्णात कान देऊन उभा राहिला, पण रस्त्यावर दुधाची गाडी, कुणाची तरी बुलेट, शेजारच्या बंगल्यातली कुत्री. आतला म्हातारा हलेना. आवाज स्वच्छ आला म्हणून हलेना की खरवडला म्हणून, हे पाठीवरनं कळत नव्हतं.

शेजारच्या बंगल्याचा वॉचमन कधीचा बघत होता. तो काठी घेऊन जवळ आला. पावणं, कुणाकडं आलायसा, म्हणून त्यानं विचारलं.

"बहीण हाय आत," कृष्णात म्हणाला.

वॉचमननं बंगल्याकडं बघितलं, मग त्याच्या पायताणाकडं बघितलं. तिथं कोण बाई न्हाय, सून हाय एक, असं म्हणाला आणि फाटक मोकळं ठेवायला सांगितलं. कृष्णात चार पावलं बाजूला सरला आणि बाजू संपेपर्यंत तिथंच उभा राहिला.